एका दिवसाचा परवाना

बाबूजी,

यंदा चौदा एप्रिलची मिरवणूक पार पडली की पंधराला सकाळच्या गाडीनं मी मासे धरायला निघणार आहे. कपाळाला आठी पडली असेल तर पडू द्या. आपल्या पैनगंगेवर नाही, पार हिमाचलात, डोंगरातल्या एका थंड नदीवर. तिथे ट्राउट नावाचा मासा असतो आणि तो धरायला मत्स्य विभागाच्या ऑफिसातून एका दिवसाचा परवाना मिळतो. एक माणूस, एक काठी, एक दिवस. दिवस मावळला की परवाना संपला. साठ वर्षांत मी स्वतःसाठी मागितलेला हा पहिलाच दिवस आहे असं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, पोरगी नाटकं करते. बरं, पहिला नसेल. पण हा मी घेणार आहे. तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी या घरात अजून तुमची परवानगी लागते, आणि ती द्यायची की नाही हे ठरवायला तुमचा मुलगा बसलेला आहे.

तो, माझा धाकटा भाऊ, आता तुमच्यासारखाच मास्तर आहे. तुमच्यासारखाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बोलतो, आणि तुमच्या फोटोखालच्या खुर्चीत बसला की त्याचा आवाजही बदलतो. मी रिटायर झाले, तुमचा जावई जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नागपूरला तिच्या संसारात. तेव्हा बहिणीची काळजी आता आपणच घ्यायची असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं आहे. काळजी म्हणजे काय, तर दर रविवारी उमरखेडच्या माझ्या घरी येऊन चहा पिणं आणि मी काय काय करू नये ते सांगणं. हिमाचलचं ऐकलं तसा त्यानं कप खाली ठेवला. एकटी बाई, एवढ्या लांब, गुडघे दुखतात, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. "बाबूजी असते तं तुह्यी हिंमत झाली नसती."

"हिंमत तं अकराव्या वर्षीच झालती," मी म्हटलं. "थांबवलं त्यायनं."

त्याला काही कळलं नाही. तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि नदीवर नव्हता. नदीवर तुम्ही होता, मी होते आणि ती म्हातारी होती. त्या दिवसाबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज सगळं नीट लिहिते.

दिवाळी होऊन गेली होती. आपण तेव्हा ढाणकीच्या पुढे, नदीकाठच्या गावात राहायचो. तुमची शाळा नदीपलीकडच्या वस्तीवर होती, आणि पाणी उतरलं की तुम्ही सायकल हातात धरून वाळूतून यायचा. पावसाळाभर गढूळ असलेली पैनगंगा दिवाळीनंतर निवळते, डोहाच्या तळाची वाळूसुद्धा दिसायला लागते. त्या दिवसांत भोयांच्या वस्तीतली एक म्हातारी डोहाच्या काठी गळ टाकून बसायची. शाळा सुटली की मी तिच्याजवळ. तिनं मला बांबूची काठी दिली, गळाला दोरा कसा बांधायचा ते दाखवलं, ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचा तरंगता तुकडा दोऱ्यात कसा ओवायचा ते दाखवलं. ती फार बोलायची नाही, बोलायची ते कामाचं. पाण्यावर सावली पडू द्यायची नाही, मासा सावलीला भितो. दोरा हलला की लगेच ओढायचं नाही, त्याला थोडं नेऊ द्यायचं. त्या दिवशी मला पहिली मरळ लागली, चांगली कोपरापर्यंत भरेल एवढी. ती काठावर उड्या मारते आहे, मी हसते आहे, म्हातारी हसते आहे, आणि वर वाटेवर तुम्ही सायकल धरून उभे आहात.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर मी कधीच विसरून गेले असते. तुम्ही खाली आलात, माझ्या हातातली काठी घेतली, गुडघ्यावर मोडली, मोडलेले तुकडे परत मोडले आणि पाण्यात सोडून दिले. म्हातारी म्हणाली, "गुरुजी, पोरीचा हात चांगला हाय." तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "तुह्या आज्यानं जे पडलंसापडलं ते उचलून खाल्लं. म्या मास्तरकी यासाठी केली काय? आपल्या घरात मासोई येईन तं बजारातून इकत येईन. म्हण, पुन्हा गय हाती धरणार नाई." मी म्हटलं, पुन्हा गळ हाती धरणार नाही. "जोरात म्हण." मी जोरात म्हटलं. मग तुम्ही नदीत हात धुतले, मनगटापर्यंत, चोळून चोळून, आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणलं.

आता मी तुमच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तुम्हाला काय वाटलं असेल ते मला समजतं. छप्पन साली तुम्ही अठरा वर्षांचे होता. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात. गावानं टाकलेलं, उरलेलं घेणार नाही असं तुमच्या पिढीनं ठरवलं, आणि ते ठरवायला केवढं बळ लागलं असेल, याचा मला अभिमान आहे. बाजारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मान वर करून विकत घेतलेली वस्तू ही तुमच्यासाठी नुसती वस्तू नव्हती. हे मी विसरलेले नाही. पण ते खरं असलं तरी दुसरंही खरं आहे. ती म्हातारी तिथे उभी होती. तिच्या रोजच्या कामाला हात लागला म्हणून तुम्ही तिच्या देखत हात धुतलेत. दर चौदा एप्रिलला तुम्ही स्टेजवरून सांगायचा, की काम कोणतंही हलकं नसतं, कामावरून माणसाला हलकं ठरवणारा हलका असतो. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. नदीवर मात्र तुम्ही तेच केलंत जे आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या केलं गेलं. एकोणपन्नास वर्षं हे मी पोटात ठेवलं. तुम्ही चुकलात, बाबूजी. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तेवढं धाडस तेव्हा झालं नाही, हा माझा दोष.

शब्द मात्र मी पाळला. मुलीची जात हट्टी असते असं आई म्हणायची, तर तो हट्ट मी शब्द पाळण्यात खर्च केला. पण चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई आहे मी. आमच्याकडे ऑपरेशनच्या कागदावर अठरा वर्षांखालच्या माणसाची सही चालत नाही. अकरा वर्षांच्या पोरीकडून, काठी मोडून, जोरात म्हणवून घेतलेला शब्द कोणत्या कागदावर चालेल? हे मी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबूजींच्या शब्दाला कागद लावते काय. हो, लावते. तुम्हीच मला कागदावर विश्वास ठेवायला शिकवलं.

आणि त्या म्हातारीनं शिकवलेलं वाया गेलं नाही, तेही ऐका. माझ्या नोकरीची पाच-सहा वर्षं झाली असतील. दिवाळीनंतरच नदीकाठचा एक माणूस अंगठ्यात गळ रुतवून दवाखान्यात आला. डॉक्टर नवे होते, शहरातले. ते चिमट्यानं मागे ओढायला लागले आणि तो माणूस टेबलावरून उठायला लागला. गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो, मागे ओढलं की तो मांस फाडत येतो. मी म्हटलं, सर, मागे नाही, पुढे काढा. टोक पुढे ढकलून कातडीतून बाहेर आणायचं, उलटा काटा कातरून टाकायचा, मग उरलेला गळ आल्या वाटेनं सुखानं निघतो. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, कोणत्या कॉलेजात शिकलात हे? मी म्हटलं, डोहावर. त्यांना वाटलं मी थट्टा केली. तो गळ मी धुऊन बराच वेळ हातात धरून बसले होते. मग आठवलं की हाती धरणार नाही असं म्हटलं होतं. म्हणून चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये टाकला.

तुमच्याबद्दल नुसतं वाईट लिहायला बसले आहे असं समजू नका. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा यवतमाळपर्यंत पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तुम्ही आलात. होस्टेलच्या फाटकाशी खिशातून घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलंत, सेकंदाचा लाल काटा असलेलं. नाडी पुरा एक मिनिट मोजजो म्हणालात, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नको, माणसाचं काळीज अर्ध्यात चुकते. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पुढे मी शंभर पोरींना हेच वाक्य शिकवलं. माझी नोकरी, माझं घर, माझ्या पोरीचं शिक्षण, सगळं तुमच्या हट्टानं उभं राहिलं. म्हणून तर एक गोष्ट तुमच्याविरुद्ध करायला मला एवढी वर्षं लागली. ज्याचं देणंच नाही त्याच्याविरुद्ध जायला काय लागतं?

तर ही नदी मला कशी सापडली. दीड वर्षापूर्वी आम्ही रिटायर झालेल्या सिस्टर मिळून कुलू-मनालीच्या टूरला गेलो. एका वळणावर चहाला गाडी थांबली. बाकीच्या भाड्याच्या टोप्या घालून फोटो काढत बसल्या, मी खाली नदीकडे गेले. पाण्यात गुडघाभर उभी एक बाई, माझ्याच वयाची, केस माझ्याहून पांढरे. तिच्याजवळ ना टोपली, ना गांडूळ. काठी मागे जायची, दोरी हवेत पाठीमागे सरळ होईपर्यंत ती थांबायची, मग पुढे यायची, आणि दोरी पाण्यावर अशी टेकायची जसं झोपलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं. तिला मासा लागला नाही. तिला त्याची घाईही नव्हती. मी पदरानं डोळे पुसले, बाबूजी, आणि मला स्वतःचा रागही आला, की चहाच्या सुट्टीत रडायला काय झालं. काठावर मत्स्य विभागाचा रखवालदार बसला होता. त्याला विचारलं, गळाला काय लावता? त्यानं डबी उघडून दाखवली. कोंबड्याच्या पिसाची, दोऱ्यानं गळावर गुंडाळलेली नकली माशी. मासा तिला खरी समजून वर येतो. परवाना कोणालाही मिळतो, म्हणाला, एका दिवसाचा. बायांनाही? त्यानं त्या बाईकडे बोट दाखवलं. वरून गाइड माझ्या नावानं ओरडत होता. मी त्या माणसाचा नंबर घेतला आणि वर गेले.

मग मी तयारीला लागले आणि पहिल्याच पावलाला तोंडावर पडले. दिवाळीनंतरचं नांदेडहून रिझर्वेशन केलं, नवे स्वेटर आणले, मग ऐटीत रखवालदाराला फोन लावला की मी भाऊबीज करून येते. तो म्हणाला, "माताजी, तब तो नदी बंद रहती है." नदी बंद? म्हणाला, नवंबर से फरवरी, मछली अंडे देती है. मी त्याच्याशी वाद घातला. दिवाळीनंतर पाणी निवळतं, मासा दिसतो, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे. मासे अंडी घालतात ती पावसाळ्यात, थंडीत कोणता मासा अंडी घालतो? त्यानं शांतपणे सांगितलं, मार्च-अप्रैल में आइए. मी म्हटलं, अहो, उन्हाळ्यात नदीला पाणी कुठून असणार? तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "माताजी, ऊपर बर्फ़ है ना." बाबूजी, साठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आपल्याला नदी म्हणजे चैतात वाळू आणि वाळूत खणलेला झरा. ऊन वाढेल तशी भरत जाणारी नदी जगात असते हे मी भूगोलात शिकले होते, तुम्हीच शिकवलं होतं, पण अंगाला कधी लागलं नव्हतं.

तिकीट रद्द केलं त्या रविवारी तुमचा मुलगा भलता खुशीत. नदीनंच नाही म्हटलं पाह्य, म्हणाला. बाबूजींचं बरोबरच होतं. मी त्याच्यासमोर कॅलेंडरवर पंधरा एप्रिलला गोल केला, रिझर्वेशन सुरू झालं की पहिल्याच दिवशी काढायचं. चौदाला मिरवणूक, महिला मंडळाचं जेवण, सगळं करून पंधराला नांदेड, तिथून अमृतसरच्या गाडीनं अंबाला, पुढे बस. एक दिवस पोहोचून आराम, एक दिवस नदी, आणि परत. त्यानं दोन रविवार चहा घेतला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा मी माशी बांधत होते, तो बघत बसला.

हो, माशी मीच बांधते. चिकनवाले चाचा कोंबड्याच्या मानेची पिसं वेगळी काढून ठेवतात. आधी त्यांना वाटलं मी काही करणी-बिरणी करते, आता स्वतःच रंग निवडून देतात. पीस धरायला दवाखान्यातून रिटायर झालेला, माझ्यासारखाच, रक्तवाहिनी दाबून धरायचा एक जुना चिमटा, आर्टरी फोर्सेप, आहे. टाके घालताना जी गाठ मारायचे तीच गाठ इथे चालते. बोटं अजून थरथरत नाहीत, हे बघून मलाच बरं वाटतं. काठी ऑनलाइन मागवली आणि सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर जाऊन दोरी फेकायची प्रॅक्टिस करते. गळाऐवजी लोकरीचा लाल गोंडा, आणि निशाण्याला घरची परात. फिरायला येणाऱ्या बाया थांबतात. एक जण म्हणाली, सिस्टर, हे काय हवेत मच्छर मारून राह्यल्या? दुसरी म्हणाली, मारू दे, डेंगूचं काम तिच्याकडंच होतं. पहिला महिना दोरी माझ्याच वेणीत अडकायची, कारण मी घाई करायचे. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ व्हायच्या आत पुढे ओढायचे. आता दहातल्या सहा वेळा परातीत पडते.

भाऊ पंचशील काढणार हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या रविवारी, पिसांकडे बघत, त्यानं काढलंच. प्राण्याची हिंसा करणार नाही असं दर पौर्णिमेला म्हणतो आपण, अन् तू गळ टोचायला हजार मैल जाते. त्याला वाटलं, मी म्हणेन की तिथे मासा धरून परत सोडतात. सोडतात, खरंच. हात ओला करून धरायचा, गळ काढायचा, पाण्यात उभा धरून ठेवायचा, तो आपणहून निघेपर्यंत. मी गळाचा उलटा काटासुद्धा दाबून टाकला आहे म्हणजे त्याचं तोंड फाटणार नाही. पण मी त्याला खरं ते सांगितलं. मोठा लागला तर एक मी ठेवणार आहे, परवान्यात तेवढी मुभा आहे. नदीकाठीच भाजून खाणार आहे. रविवारी मटण आणणाऱ्या घरात वाढले मी, बाबूजी, तुम्ही स्वतः पिशवी घेऊन जायचा. तेव्हा हिंसेचं मला सांगू नये. तुमचा प्रश्न हिंसेचा नव्हताच, विकत घेण्याचा होता. म्हणून तो एक मासा मला हवा आहे. विकत न घेतलेला, कोणी न दिलेला, मी धरलेला. माझ्या आजोबांनी पोट जाळायला जे केलं ते मी खुशीनं करणार आहे, साठाव्या वर्षी, पेन्शन घेऊन, सरकारी परवाना खिशात ठेवून. त्यांची लाज आता मला वाटत नाही. एवढी मोकळीक तुम्हीच मिळवून दिली ना? मग ती वापरू द्या.

आणि एक गोष्ट, जी आईनं मला मरेपर्यंत सांगू दिली नाही. त्या दिवशीची ती मरळ तुम्ही काठावर तशीच सोडून आलात. दिवेलागणीला म्हातारी ती गवतात गुंडाळून मागच्या दारी घेऊन आली. आई चुलीपाशी होती. आईनं मासा घेतला, तिच्या पदरात ज्वारी घातली, आणि मला नजरेनंच गप्प केलं. जवस-तिखटाचा रस्सा झाला. तुम्ही विचारलंत, मासोई कुठची? आई म्हणाली, "बजारची." तुम्ही भाकरी कुस्करून दोनदा रस्सा घेतलात आणि म्हणालात, पाह्य, इकतच्या मासोईची चवच वेगळी. आई पाटावर पाठ फिरवून भाकरी थापत राहिली, तिचे खांदे हलत होते. मी तेव्हा ठरवलं की तुम्ही मोठे आहात, पण सगळंच तुम्हाला कळतं असं नाही.

परवा रखवालदारानं फोनवर परवान्याचा फॉर्म पाठवला. नाव, वय, पत्ता, तारीख, आणि पिता किंवा पतीचं नाव. माझ्या सगळ्या कागदांवर, पगाराच्या, पेन्शनच्या, आधारच्या, तुमच्या जावयाचं नाव आहे, आणि ते लिहायला माझा हात आपोआप जातो. या फॉर्मवर मी तुमचं लिहिलं. पूर्ण, मधल्या नावासकट, तुम्ही फळ्यावर लिहायचा तसं सुटं सुटं. भावानं वाचलं. आधारशी जुळणार नाही, म्हणाला, परत पाठवतीन. पाठवू दे, मी म्हटलं, दुसऱ्यांदा हेच लिहीन. काहून लिहिलं पण, त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ज्यायनं नाई म्हटलं त्यायचंच नाव लावून जातो, जिरवायले." तो हसला, आणि त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा विचारलं की तिकडे थंडी किती असते.

जिरवायला लिहिलं हे त्याला सांगायला ठीक होतं. हे पत्र तो वाचणार नाही, कोणीच वाचणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. ग्राउंडवर दोरी नीट परातीत पडली की मी मागे वळून बघते. तिथे कोणी नसतं, कंपाउंडची भिंत असते. पहिल्यांदा वाटलं, ही जुनी भीतीच आहे, तुम्ही वर वाटेवर उभे असाल याची. तिकडे नदीतही मी वळून बघणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे. पण ती भीती नाही, बाबूजी. तुम्ही पाहिलं का, ते बघायला मी वळते.